वीज विकण्याचा नफा आणि वीज पोहोचवण्याचा नफा

वीज वितरणाचा धंदा मुख्यतः स्थिर खर्चाचा आहे आणि त्या खर्चाची वसुली मात्र बहुतांशी विकलेल्या युनिटांवर होते, या एका विसंगतीतून महाराष्ट्राच्या वीजदरांतील कितीतरी वाद जन्माला आले आहेत. उपकेंद्रे, उच्चदाब आणि लघुदाब वाहिन्या, रोहित्रे, खांब, मीटर, वायरमन व अभियंत्यांचे पगार, कर्जावरील व्याज हा सारा खर्च ग्राहकाने महिन्याला शंभर युनिट वापरले तरी तेवढाच राहतो आणि ऐंशी वापरले तरी तेवढाच. ग्राहकाकडून येणारा पैसा मात्र युनिटांबरोबर वरखाली होतो. त्यामुळे वीज वाचवा असे फलक लावणाऱ्या कंपनीला वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे स्वतःचा तोटा मोजावा लागतो, आणि ज्या सल्ल्याने सल्ला देणाऱ्याचेच नुकसान होते तो सल्ला कधीच मनापासून दिला जात नाही.

हे नुकसान किती असते ते कोल्हापुरातील एखाद्या मध्यमवर्गीय घराच्या बिलावरून काढता येते. 2024-25 साली महावितरण या शासकीय वितरण कंपनीच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांसाठी 4.71 रुपये, पुढील दोनशे युनिटांसाठी 10.29 रुपये आणि 301 ते 500 युनिटांसाठी 14.55 रुपये असा वीज आकार लागू होता. त्याशिवाय प्रत्येक युनिटावर 1.17 रुपये वहन आकार, म्हणजे तारांमधून वीज वाहून आणण्याचा आकार, द्यावा लागे. महिन्याला 350 युनिट वापरणाऱ्या कुटुंबाने जुना फ्रीज बदलून आणि साधे पंखे काढून कमी वीज लागणारे बीएलडीसी पंखे बसवून वापर 300 युनिटांवर आणला, तर त्याचे बिल करांखेरीज 786 रुपयांनी उतरते. ही पन्नास युनिट महावितरणला विकत घ्यावी लागली नाहीत म्हणून युनिटामागे पाच रुपये धरून कंपनीचे 250 रुपये वाचतात. उरलेले 536 रुपये हा कंपनीच्या महसुलातील निव्वळ खड्डा असतो. बिलावर छापलेला सुमारे 130 रुपयांचा स्थिर आकार तो खड्डा भरून काढण्यास पुरेसा नाही. शिवाय वाचलेले पाच रुपयेही पुरते वाचत नाहीत, कारण वीजनिर्मिती कंपन्यांशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांत वीज उचलली नाही तरी संचाच्या क्षमतेपोटी स्थिर रक्कम देण्याची अट असते. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने 1999 ते 2001 या काळात तेव्हाच्या राज्य वीज मंडळाला या अटीचा जो अनुभव दिला तो महाराष्ट्र विसरलेला नाही.

या मांडणीत कोणाच्या हेतूवर आक्षेप नाही. दरांची रचनाच अशी आहे की तिच्यात कार्यक्षम ग्राहक हा वाईट ग्राहक ठरतो, आणि रचना माणसांनी केलेली असल्यामुळे ती बदलताही येते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना 1960 साली झाली तेव्हापासून पुढील सुमारे चार दशके दर ठरवण्याचे काम मंडळ आणि शासन यांच्यातच राहिले. 1998 च्या केंद्रीय कायद्यान्वये 1999 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अस्तित्वात आला, 2003 च्या वीज कायद्याने त्याचे अधिकार पक्के केले, आणि 6 जून 2005 रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण या तीन कामांसाठी तीन कंपन्या झाल्या. त्यांतील वितरणाची कंपनी म्हणजे महावितरण. आयोग दर ठरवतो तो असा: पुढील काही वर्षांसाठी कंपनीचा वाजवी खर्च किती असेल याचा अंदाज बांधला जातो, त्यात भागभांडवलावरील परतावा मिळवला जातो, आणि येणाऱ्या बेरजेला वार्षिक महसुली गरज म्हटले जाते. ही गरज अपेक्षित विक्रीने भागली की सरासरी दर निघतो, आणि मग तो घरगुती, व्यापारी, औद्योगिक, कृषी अशा वर्गांत कमीअधिक करून वाटला जातो. परताव्याचा दर आयोगाच्या विनियमांत लिहिलेला असतो; 2019 च्या विनियमांत तो वाहिन्यांच्या व्यवसायासाठी 14 टक्के आणि किरकोळ पुरवठ्यासाठी 15.5 टक्के असा मूळ दर म्हणून धरलेला होता. कागदावर पाहिले तर कंपनीचा नफा भांडवलावर ठरलेला आहे, विक्रीवर नाही. परंतु तो नफा हातात पडतो तो युनिटांच्या वसुलीतून, आणि भाकीत चुकले की त्याची पहिली झळ नफ्याला लागते.

नफा आणि विक्री यांची ही गाठ सोडवण्याची नियामक पद्धत, म्हणजे महसूल आणि विक्री यांचे विलगीकरण, जगात चार दशकांहून जुनी आहे. तिचे मर्म साध्या गणिताने सांगता येते. एखाद्या भागातील वितरणाचा स्थिर खर्च, वाजवी नफ्यासह, वर्षाला 100 कोटी रुपये आहे आणि विक्री 50 कोटी युनिट होईल असा अंदाज आहे असे धरले, तर युनिटामागे दोन रुपये वसूल करावे लागतील. प्रत्यक्षात लोकांनी वीज वाचवली आणि विक्री 48 कोटी युनिट झाली, तर वसुली 96 कोटी होईल. उरलेले चार कोटी पुढील वर्षीच्या दरात युनिटामागे सुमारे आठ पैसे वाढवून भरून काढले जातील. याउलट उन्हाळा कडक निघाला आणि विक्री 52 कोटींवर गेली, तर जादा आलेले चार कोटी रुपये कंपनीला खिशात घालता येणार नाहीत. ते पुढील वर्षीच्या दरात ग्राहकांना परत द्यावे लागतील. यात वीजखरेदीच्या खर्चाचा समावेश नसतो, कारण तो विक्रीबरोबर खरोखरच बदलतो आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवता येतो. कंपनीचा महसूल ठरलेला राहतो, दर किंचित हलतो, आणि जास्त वीज खपवण्यात कंपनीचा स्वार्थ उरत नाही. जेथे नवे ग्राहक सतत जोडले जातात तेथे एकूण रकमेऐवजी दर ग्राहकामागे महसूल ठरवून देण्याचा प्रकार वापरला जातो, म्हणजे जोडण्या वाढल्या की महसूलही त्या प्रमाणात वाढतो. ग्रामीण महाराष्ट्रासाठी हा दुसरा प्रकारच योग्य आहे.

कॅलिफोर्नियाने ही पद्धत प्रथम नैसर्गिक वायूसाठी 1978 मध्ये आणि विजेसाठी 1982 पासून वापरली. 1990 च्या दशकात बाजार खुला करण्याच्या उत्साहात ती सोडून दिली गेली, आणि 2000-01 च्या भीषण वीजसंकटानंतर तेथील विधिमंडळाने कायदा करून ती परत आणली. त्या राज्यातील दरडोई वीजवापर 1970 च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ स्थिर राहिला, तर उर्वरित अमेरिकेत तो बराच वाढला. याचे सारे श्रेय या एका नियमाला देणे अप्रामाणिक ठरेल, कारण उपकरणांची कडक मानके, इमारतींचे नियम, सौम्य हवामान आणि तेथील उद्योगांचे बदललेले स्वरूप यांचाही त्यात मोठा वाटा होता. तथापि वीज कंपन्यांनी त्या मानकांना विरोध करण्याऐवजी साथ दिली, आणि ती साथ त्यांना परवडली ती महसूल विक्रीपासून सुटा झाल्यामुळे, एवढे निश्चित म्हणता येते.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा क्वचितच होते, आणि त्याचे एक कारण असे की वरवर पाहता राज्यात ही व्यवस्था आधीपासूनच आहे. आयोग दर काही वर्षांनी मागील वर्षांचा अंदाज आणि प्रत्यक्ष हिशेब ताडून पाहतो. या पडताळणीला वीजक्षेत्रात सर्रास ट्रू-अप म्हणतात. विक्री घटल्यामुळे महसूल कमी पडला असेल तर मान्य झालेली तूट पुढील दरांत घातली जाते. मग विलगीकरणासाठी वेगळे काही करण्याची गरज काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. या प्रश्नाचे उत्तर काळाच्या अंतरात आहे. 30 मार्च 2020 रोजी आयोगाने दर कमी करणारा आदेश दिला तेव्हा कोविडची टाळेबंदी नुकतीच सुरू झाली होती. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील भट्ट्या थंड पडल्या, इचलकरंजीचे यंत्रमाग थांबले आणि सर्वाधिक दर देणाऱ्या वर्गांची विक्री कोसळली. त्या आणि नंतरच्या वर्षांच्या तुटीचा हिशेब मांडला गेला तो 31 मार्च 2023 च्या आदेशात. महावितरणने मागितलेल्या सुमारे 67 हजार कोटींपैकी आयोगाने सुमारे 39 हजार 567 कोटी रुपये मान्य केले आणि पुढील दोन वर्षांत ते दरांतून वसूल करण्याची मुभा दिली. तुटीची कारणे अनेक होती, महाग कोळसा आणि चढी वीजखरेदी हीदेखील त्यांत होती. परंतु विक्री घटल्यामुळे किती तूट आली, खरेदी महागल्यामुळे किती आली आणि कंपनीच्या स्वतःच्या अकार्यक्षमतेमुळे किती आली, हे सामान्य ग्राहकाला कोठेही एका कागदावर वाचायला मिळाले नाही.

तीन वर्षांनी येणारी भरपाई कंपनीचे वर्तन बदलू शकत नाही. आज रोख रकमेची ओढाताण असलेली कंपनी आजच्या विक्रीकडे पाहते, तूट भरण्यासाठी कर्ज काढते, आणि त्या कर्जाचे व्याजही अखेर ग्राहकाच्याच माथी येते. देशभर अशा साचलेल्या, मान्य झालेल्या पण वसूल न झालेल्या रकमांना नियामक मत्ता म्हणतात. त्या वर्षानुवर्षे लांबवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑगस्ट 2025 रोजी स्पष्ट निर्णय दिला: नवी नियामक मत्ता वार्षिक महसुली गरजेच्या 3 टक्क्यांपेक्षा अधिक असू नये आणि ती तीन वर्षांत फेडली जावी. हा निर्णय आला तो मुख्यतः दिल्लीतील वितरण कंपन्यांच्या थकलेल्या रकमांवरून. पण त्याचा रोख महाराष्ट्रातील तीन-तीन वर्षांच्या प्रलंबित हिशेबांवरही तितकाच आहे.

येथवरचा युक्तिवाद कोणत्याही देशाला लागू पडेल. महाराष्ट्रात, आणि विशेषतः कोल्हापुरासारख्या उसाच्या जिल्ह्यात, विक्री हा शब्दच मुळात संशयास्पद आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा आणि वारणा यांच्या काठांवर हजारो विद्युत पंप आणि सहकारी उपसा सिंचन संस्था उभ्या आहेत. बंधाऱ्यांत अडवलेले पाणी टेकाडांवर चढवून येथील ऊस पिकतो. यांपैकी अनेक पंपांना वर्षानुवर्षे मीटर नव्हते किंवा असलेल्या मीटरचे रीडिंग घेतले जात नव्हते, आणि बिल पंपाच्या अश्वशक्तीवर निघत असे. मीटर नसेल तेथे विक्री मोजता येत नाही, तिचा अंदाज करावा लागतो, आणि हा अंदाज ज्याने करायचा त्याचाच त्यात स्वार्थ असतो.

मोटरची कार्यक्षमता बाजूला ठेवली तर पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे 3.73 युनिट वीज घेतो. तो वर्षाला प्रत्यक्षात हजार तास चालला तर 3,730 युनिट होतात. कागदावर दीड हजार तास धरला तर 5,595. म्हणजे एका पंपामागे 1,865 युनिट कोणीही न वापरता विकली गेली असे नोंदले जाते, आणि एखाद्या वाहिनीवर असे 400 पंप असतील तर हा आकडा साडेसात लाख युनिटांच्या जवळ जातो. ही वीज हवेत विरलेली नसते. ती जीर्ण तारांत तापून, ओव्हरलोड डीपीत जळून, किंवा आकडे टाकून चोरली जाऊन गेलेली असते. पण हिशेबात ती शेतकऱ्याच्या खात्यावर मांडली की वितरणाची गळती तेवढी कमी दिसते. वितरणातील गळती हा आयोगाच्या दृष्टीने कंपनीच्या नियंत्रणातील घटक असल्यामुळे उद्दिष्टापेक्षा जास्त गळतीचा बोजा काही प्रमाणात कंपनीला सोसावा लागतो, त्यामुळे गळती झाकण्याचा मोह सततचा असतो. त्याच वेळी शेतकरी लाखो रुपयांच्या थकबाकीचा धनी ठरतो आणि शासनाकडून मिळणाऱ्या अनुदानाचा आकडाही फुगतो. इचलकरंजीचे प्रताप होगाडे यांच्या नेतृत्वाखालील वीज ग्राहक संघटनेने आणि पुण्याच्या प्रयास संस्थेने हा मुद्दा वर्षानुवर्षे आयोगापुढे आकडेवारीनिशी मांडला, कोल्हापुरात प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इरिगेशन फेडरेशनने पंपधारकांच्या बिलांसाठी रस्त्यावरचा लढा दिला. अखेर आयोगाने शेतीवापर तपासण्यासाठी कार्यगट नेमला आणि 2020 च्या दरनिश्चितीत वाहिन्यांवरील मीटरच्या नोंदींचा आधार घेऊन शेतीची विक्री कंपनीने दाखवली तेवढी मान्य केली नाही. संघटनांनी चिकाटीने लढून मिळवलेला हा विजय राज्यातील नियामक इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिण्याजोगा आहे.

जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. सुमारे 44 लाख शेतकरी तिच्या कक्षेत येतात आणि वर्षाला सुमारे 14,760 कोटी रुपये शासनाने महावितरणला द्यावयाचे आहेत. वीज कायद्याच्या कलम 65 प्रमाणे सवलतीचा पैसा शासनाने आगाऊ द्यायचा असतो. शेतकऱ्याच्या डोक्यावरील बोजा उतरला ही बाब स्वागतार्ह आहे. पण ज्याला बिल भरावे लागत नाही तो बिलातील चुकीवर भांडत नाही, आणि म्हणून फुगवलेल्या विक्रीविरुद्धचा सर्वांत जागरूक पहारेकरी या योजनेने घरी पाठवला आहे. आता त्या युनिटांचे पैसे करदाता देतो आणि करदात्याला ती युनिट दिसत नाहीत.

या पार्श्वभूमीवर महसूल आणि विक्री यांचे विलगीकरण महाराष्ट्रात एक असे काम करू शकते ज्याचा विचार अमेरिकेत कोणाला करावा लागला नाही. महसूल विक्रीवर अवलंबून राहिला नाही, तर विक्री फुगवून दाखवण्याचे निम्मे प्रयोजन संपते. उरलेले निम्मे, म्हणजे गळती झाकण्याचे प्रयोजन, संपवायचे असेल तर गळतीचे मोजमाप विक्रीच्या आकड्यावर न सोपवता उपकेंद्रातून प्रत्येक वाहिनीत शिरलेल्या विजेवर आणि प्रत्येक रोहित्रावरील मीटरवर आधारावे लागेल. शेतीच्या वाहिन्या गावठाणापासून वेगळ्या करण्याचे काम राज्याने बऱ्याच अंशी केलेले आहे, आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत त्याच वाहिन्या सौर प्रकल्पांना जोडल्या जात आहेत. त्यामुळे मोजमापाची साधने आता हाताशी आहेत, कमी आहे ती त्यांच्या नोंदी वाहिनीनिहाय लोकांसमोर ठेवण्याच्या इच्छेची.

या पद्धतीवरील आक्षेप गंभीर आहेत आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. पहिला आक्षेप अमेरिकेतीलच मेन राज्याच्या अनुभवातून येतो. तेथील सेंट्रल मेन पॉवर कंपनीसाठी 1991 मध्ये ही पद्धत सुरू झाली आणि लगेच मंदी आली. लोकांनी वीज वाचवली म्हणून नव्हे, तर कारखाने बंद पडले म्हणून विक्री घटली, आणि बेरोजगार झालेल्या ग्राहकांवरच कंपनीच्या भरपाईचा बोजा साचत गेला. 1993 मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. टाळेबंदीच्या वर्षी अशी योजना कोल्हापुरात असती तर तेच झाले असते. म्हणून समायोजन दरवर्षी व्हावे, त्याला वरची मर्यादा असावी आणि मर्यादेपलीकडील रक्कम एका स्थिरीकरण निधीतून हळूहळू समायोजित व्हावी, एवढे पथ्य पाळणे आवश्यक आहे. इंधन समायोजन आकारातील चढउतार सोसण्यासाठी 2020 च्या आदेशात आयोगाने 1,500 कोटी रुपयांचा असा निधी उभारला होता, त्यामुळे ही कल्पना राज्याला परकी नाही.

दुसरा आक्षेप असा की स्थिर खर्च वसूल करायचाच असेल तर स्थिर आकार वाढवावा आणि युनिटाचा दर उतरवावा, एवढ्याने प्रश्न सुटतो. हिशेबाच्या दृष्टीने हे सोपे आहे आणि न्यायाच्या दृष्टीने चुकीचे. शाहूवाडी किंवा गगनबावड्याच्या वाडीवस्तीवर महिन्याला चाळीस युनिट वापरणारे घर आणि ताराबाई पार्कातील चार वातानुकूलित खोल्यांचे घर यांनी जवळपास सारखी रक्कम भरावी, असा त्याचा अर्थ होतो. आणि युनिट स्वस्त झाले की वाचवणाऱ्याचे बक्षीसही नाहीसे होते. विलगीकरणात ग्राहकासाठी युनिटाचा दर तसाच राहतो, बचतीचा मोबदला तसाच राहतो, बदलतो तो फक्त कंपनीचा स्वार्थ.

तिसरा आक्षेप उद्योगांकडून येतो. ओतीव लोखंड वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट वीज लागते, त्यामुळे कोल्हापूरच्या फाउंड्रीचा नफा-तोटा वीजदरावर ठरतो. 2013-14 च्या सुमारास येथील उद्योजकांनी कर्नाटकात स्थलांतर करण्याचा इशारा दिला होता तो याच कारणाने. आता हे कारखाने छतावर सौर पॅनेल बसवत आहेत आणि 2022 च्या केंद्रीय नियमांनी 100 किलोवॅट भाराच्या ग्राहकालाही हरित वीज थेट विकत घेण्याची वाट मोकळी केली आहे. मोठे ग्राहक असे बाहेर पडत राहिले आणि त्यांनी सोडलेली तूट समायोजनाच्या नावाने उरलेल्यांवर पडली, तर विलगीकरण हे लहान ग्राहकाच्या लुटीचे साधन बनेल. म्हणून बचत आणि निर्गमन यांत फरक करावाच लागतो. ज्याने भट्टीचे अस्तर सुधारून, भट्टीवर झाकण बसवून वीज वाचवली त्याची तूट समाजाने वाटून घ्यावी. ज्याने पुरवठादार बदलला पण महावितरणच्या तारा वापरल्या त्याच्याकडून वहन आकार पूर्ण घ्यावा. उद्योगांवर लादलेली क्रॉस सबसिडी, म्हणजे शेती आणि लहान घरांच्या स्वस्त दराची भरपाई, टप्प्याटप्प्याने शासनाच्या अर्थसंकल्पात हलवल्याशिवाय मोठ्या ग्राहकांचे हे निर्गमन थांबणार नाही, हेही येथेच स्पष्ट सांगितले पाहिजे.

सर्वांत मूलगामी आक्षेप मात्र चौथा आहे. विक्रीपासून सोडवलेला नफा जर आपोआप मिळणार असेल, तर कंपनीने काम तरी कशासाठी करावे? हार्वे अ‍ॅव्हर्च आणि लेलंड जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1962 मध्येच दाखवले होते की ज्या कंपनीचा नफा गुंतवलेल्या भांडवलाच्या टक्केवारीने ठरतो ती गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतू लागते. विक्रीचा मोह काढून घेतला आणि भांडवली परतावा तसाच ठेवला, तर वीज वाचवण्याचा सल्ला देणारी कंपनी उपकेंद्रे आणि मीटरच्या निविदांत रमेल. महावितरण शासनाच्या मालकीची आहे, तिला नफ्याची हाव नाही, हे उत्तर येथे पुरे पडत नाही. शासकीय कंपनीला लाभांशाची घाई नसली तरी रोख रकमेची चणचण, कर्जाची परतफेड आणि मंत्रालयाला दाखवायचे आकडे यांचा दाब खासगी भागधारकाइतकाच असतो.

म्हणून नफा विक्रीपासून सोडवायचा तो पुन्हा कशाला तरी बांधण्यासाठी, आणि ते बांधणे सेवेला असले पाहिजे. ब्रिटनने 2013 पासून आपल्या वाहिन्यांच्या कंपन्यांचा महसूल ठरवताना विश्वासार्हता, ग्राहकाचे समाधान आणि नवी जोडणी देण्याची तत्परता यांना मोल दिले आहे. महाराष्ट्रातही भिवंडीत 2007 पासून टोरंट पॉवरला दिलेल्या फ्रँचायझीत कंपनी शिरलेल्या विजेवर पैसे भरते, त्यामुळे गळती कमी करण्यातच तिचा फायदा असतो. या प्रयोगावर मतभेद असले तरी प्रोत्साहन बदलले की वर्तन बदलते हे त्याने दाखवून दिले. भारनियमनाच्या काळात गळती आणि वसुलीनुसार ए ते जी असे गट पाडून कमी गळतीच्या भागाला जास्त तास वीज देण्यात आली, तेव्हाही सेवा आणि कामगिरी यांची सांगड घातली गेली होती. मात्र शिक्षा कंपनीऐवजी ग्राहकाला झाली, प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याला केवळ शेजाऱ्यांच्या थकबाकीपोटी अंधारात बसावे लागले.

ग्राहकाला खरोखर काय हवे असते ते कोल्हापुराने फेब्रुवारी 2022 मध्ये रस्त्यावर सांगितले. राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली स्वाभिमानी शेतकरी संघटनेने ताराबाई पार्कातील महावितरणच्या कार्यालयासमोर बेमुदत ठिय्या दिला, आणि मागणी होती ती दिवसा दहा तास वीज मिळण्याची. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजायला, दारे धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला साप, गवे आणि बिबटे यांची धास्ती असते. कमी दाबाने मोटर जळाली तर रिवाइंडिंगचा खर्च त्याच्याच खिशातून जातो, आणि जळालेली डीपी बदलून मिळेपर्यंत उभे पीक वाळते. यातील एकाही दुःखाची नोंद युनिटांच्या हिशेबात होत नाही. दिवसा किती तास वीज दिली, दाब किती राहिला, जळालेले रोहित्र किती तासांत बदलले, नव्या जोडणीचा पैसे भरलेला अर्ज किती महिने पडून राहिला, या गोष्टी कृतीच्या मानकांत, म्हणजे सेवेचा किमान दर्जा ठरवणाऱ्या आयोगाच्या विनियमांत, बऱ्याच अंशी लिहिलेल्या आहेत. त्या मोडल्यास भरपाईची तरतूदही आहे. पण ती पदरात पाडून घेण्यासाठी ग्राहकाला अनेकदा गाऱ्हाणे निवारण मंचाची पायरी चढावी लागते, आणि कंपनीच्या वार्षिक परताव्यावर त्याचा जाणवण्याइतका परिणाम होत नाही. भागभांडवलावरील परताव्याचा मोठा हिस्सा, निदान त्याचा चौथा भाग, या मानकांच्या पूर्ततेवर अवलंबून ठेवला, तर कोणत्याही परिपत्रकापेक्षा लवकर डीप्या बदलल्या जाऊ लागतील.

सध्याचा नियंत्रण कालावधी, म्हणजे एकदम दर ठरवण्याची मुदत, 2025-26 ते 2029-30 असा पाच वर्षांचा आहे. त्यातील पहिलाच दर आदेश 28 मार्च 2025 रोजी आला, काही दिवसांतच स्थगित झाला आणि 25 जून 2025 रोजी पुनर्विलोकनात बदलला गेला. एवढ्या घाईत बदलणाऱ्या दरांवर कोणताही कारखाना किंवा कुटुंब बचतीची गुंतवणूक विश्वासाने करू शकत नाही. मध्यावधी आढावा येईल तेव्हा कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, स्मॅक आणि गोशिमा या उद्योजकांच्या संघटना, यंत्रमागधारक, उपसा सिंचन संस्था आणि घरगुती ग्राहकांच्या संघटना यांनी वेगवेगळ्या सवलती मागण्याऐवजी तीन मागण्या एकत्र मांडाव्यात: विक्रीतील फरकाचे दरवर्षी, मर्यादेसह आणि स्वतंत्र कागदावर समायोजन, प्रत्येक वाहिनीच्या आणि रोहित्राच्या मीटर नोंदी खुल्या करणे, आणि परताव्याचा ठरावीक हिस्सा सेवेच्या मानकांशी जोडणे. दरनिश्चितीच्या याचिकेवर सूचना आणि हरकती नोंदवण्याचा अधिकार वीज कायद्याच्या कलम 64 ने प्रत्येक ग्राहकाला दिलेला आहे, त्यासाठी वकील लागत नाही, आणि हरकत मराठीतून लिहून पाठवता येते.